चढाई आणि माघार : नैराश्याची गोळी सोडण्याचा इतिहास

बंगळूरच्या जे. पी. नगरमधून तुमच्याशी पुन्हा एकदा बोलतोय. या मालिकेत आपण आजवर किल्ले, मोहिमा आणि तह यांच्यावर बोललो. शहाजीराजांना मिळालेल्या बंगळूरच्या जहागिरीचा भाग तर तुमच्यापैकी अनेकांना आवडला. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहे. नैराश्यावरची, म्हणजे डिप्रेशनवरची गोळी. घरात आपण दबक्या आवाजात जिला 'टेन्शनची गोळी' म्हणतो, ती. ती आली कुठून हे सांगेनच, पण माझा खरा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे : ती सोडायची कशी, आणि हे नीट कळायला वैद्यकशास्त्राला साठ वर्षं का लागली?

निवृत्त कर्नलने हा विषय का घ्यावा? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, फौजेत आणि औषधशास्त्रात एक शब्द समान आहे : विथड्रॉवल. फौजेत त्याचा अर्थ माघार. औषधशास्त्रात त्याचा अर्थ औषध सोडताना होणारा त्रास. दुसरं कारण घरचं आहे. २०१७ साली माझी पत्नी गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी डॉक्टरांनी मला एस्सिटॅलोप्रॅम नावाची गोळी सुरू केली. तिने मला उभं केलं, हे मी मोकळेपणाने सांगतो. पुढे तीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंदही केली. त्या काळात जे वाचलं, त्यातून आजचा भाग तयार झाला.

वडगावचा धडा

आधी आपल्या ओळखीच्या रणांगणावर जाऊ. जानेवारी १७७९. ईस्ट इंडिया कंपनीची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून वर आली. सोबत हजारो बैल आणि सामानाचं लटांबर. कार्ल्याजवळ त्यांचा धाडसी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी बसलेला इष्टुर फाकडा, मारला गेला. तरी फौज तळेगावपर्यंत पोहोचली. तिथून पुणं हाकेच्या अंतरावर होतं. पण पुढे दाणागोटा मिळेना, गावं ओस पडलेली, चारही बाजूंनी मराठी घोडदळ. तेव्हा सेनापतींनी ठरवलं, परत फिरायचं. कसं? एका रात्रीत. जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि ११ जानेवारीच्या रात्री फौज अंधारात मागे निघाली. महादजी शिंद्यांना पत्ता लागलाच. पिछाडीला कॅप्टन हार्टले शर्थीने लढला म्हणून निदान वडगावपर्यंत तरी ते पोहोचले. तिथे वेढा पडला आणि तह करावा लागला.

आता दुसरं उदाहरण. पहिल्या महायुद्धातलं गॅलिपोली. तिथली चढाई फसली, हजारो माणसं गेली. पण डिसेंबर १९१५ आणि जानेवारी १९१६ मध्ये तिथून जी माघार घेतली गेली, ती आजही सैनिकी शाळांत शिकवतात. लाखाहून जास्त माणसं काढली आणि हानी जवळजवळ शून्य. कारण माघार टप्प्याटप्प्याने झाली. रोज रात्री थोडे थोडे सैनिक उतरले. दिवसा छावणीत नेहमीसारखी हालचाल दिसत राहिली. शेवटच्या रात्री, अगदी थोडे जण उरले तेव्हा, सर्वांत जास्त काळजी घेतली. डब्यातून पाणी ठिबकून आपोआप चाप ओढला जाईल अशा बंदुका मागे ठेवल्या, म्हणजे समोरच्याला वाटावं की खंदकात अजून माणसं आहेत.

हे दोन प्रसंग लक्षात ठेवा. एक रात्रीत गुंडाळलेली माघार, आणि शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश घेतलेली माघार. नैराश्याच्या औषधाबाबत जगाने साठ वर्षं पहिला मार्ग वापरला.

गोळी आली कुठून

या कथेची सुरुवात आपल्याच मातीत होते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेड आणि निद्रानाश यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर वैद्यकीय लेख लिहिला : ही मुळी उन्माद शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापून आणला. जगाचं लक्ष सर्पगंधेकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरून पाहिलं. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रेसरपिनने एक वेगळंच कोडं घातलं. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदास वाटू लागलं, अशा नोंदी आल्या. प्रयोगशाळेत दिसलं की हे द्रव्य मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं रिकामी करतं. त्यावरून तर्क निघाला : ही रसायनं कमी झाली की नैराश्य येतं, वाढवली की जातं. हा तर्क पुढे फार लोकप्रिय झाला. आज शास्त्रज्ञ तो इतक्या सरळ रूपात मानत नाहीत. मात्र औषधाचा उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो रुग्णांवरच्या चाचण्यांतून तपासला जातो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

त्याच सुमारास दोन औषधं जवळजवळ अपघाताने हाती लागली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू हे क्षयरोगाचं रुग्णालय होतं. १९५२ च्या आसपास तिथे इप्रोनियाझिड नावाचं क्षयरोगाचं औषध दिलं, तर अंथरुणाला खिळलेले रुग्ण उत्साहाने बोलू-हसू लागले. क्लाइन यांनी १९५७ मध्ये तेच औषध नैराश्यावर वापरल्याचं जाहीर केलं. दुसरीकडे स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन गावच्या रुग्णालयात रोलँड कून स्किझोफ्रेनियासाठी आलेलं एक औषध तपासत होते. स्किझोफ्रेनियावर त्याचा उपयोग होईना, पण नैराश्याचे रुग्ण सुधारू लागले. ते इमिप्रामिन. त्याचा अहवालही १९५७ सालचाच. म्हणजे चढाईचं वर्ष १९५७.

पहिला इशारा, आणि विसर

आता नीट ऐका. इमिप्रामिन बाजारात आलं १९५८ साली. १९५९ सालच्या वैद्यकीय लेखांतच नोंद सापडते की औषध एकदम थांबवलं की काही रुग्णांना त्रास होतो. १९६१ साली क्रेमर, क्लाइन आणि फिंक या तिघांनी (हे क्लाइन वेगळे, डोनल्ड) अमेरिकेच्या मानसोपचार नियतकालिकात याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, थंडी वाजणं, सर्दीसारखं नाक गळणं. सगळं औषध थांबवल्यावर. गुप्तहेराने पहिल्याच आठवड्यात बातमी आणावी आणि मुख्यालयाने ती फाइलला लावून कपाटात ठेवावी, तसं या लेखाचं झालं.

का झालं? पहिलं कारण, तेव्हा हे औषध बहुधा रुग्णालयात, ठरावीक मुदतीसाठी दिलं जाई. पाच-दहा वर्षं गोळी घेणारी माणसं तेव्हा फारशी नव्हतीच. दुसरं कारण, त्रास झाला की डॉक्टर म्हणत, 'आजार परत आला.' गोळी पुन्हा सुरू केली की बरं वाटे, आणि निदान बरोबर होतं असाच सगळ्यांचा समज होई. तिसरं कारण सवयीच्या औषधांशी जोडलेलं आहे. १९८० च्या दशकात डायझेपामच्या जातीच्या, म्हणजे झोपेच्या आणि काळजीच्या गोळ्यांची लोकांना सवय लागते हे उघड झालं. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचं सूत्र होतं : अगदी थोडं थोडं कमी करा आणि वेग रुग्णाला ठरवू द्या. हे ज्ञान नैराश्याच्या गोळीलाही लागू करता आलं असतं. पण झालं उलटंच. नव्या गोळ्यांवर 'यांची सवय लागत नाही' असा शिक्का बसला.

तो शिक्का पूर्णपणे खोटाही नव्हता. नैराश्याच्या गोळीची दारूसारखी ओढ लागत नाही, माणूस ती चोरून घेत नाही, नशेसाठी डोस वाढवत नाही. पण ओढ वेगळी आणि शरीराला झालेली सवय वेगळी. लोहगडाच्या पायथ्याशी राहणारा माणूस गड सोडून मैदानात आला की त्याचे पाय काही दिवस चढच शोधत राहतात. तसंच मेंदूचं आहे. वर्षानुवर्षं औषधाच्या सोबतीने काम करायला शिकलेला मेंदू औषध गेल्यावर लगेच जुन्या चालीवर येत नाही.

प्रोझॅक आणि एक नवा शब्द

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने फ्लुऑक्सेटिनला परवानगी दिली. त्याचं व्यापारी नाव प्रोझॅक. त्यामागोमाग सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, सिटॅलोप्रॅम, व्हेन्लाफॅक्सिन आली. जुन्या गोळ्यांपेक्षा ती घ्यायला सोपी होती आणि जास्त घेतली गेली तरी धोका कमी होता. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने १९९२ ते १९९६ नैराश्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. लोकांना सवयीची भीती वाटते हे त्यांना माहीत होतं, म्हणून मोहिमेत सवय लागत नाही असंच सांगितलं गेलं. हेतू चांगला होता. उपचाराविना माणसं मरत होती. पण एक अर्धसत्य त्या हेतूच्या पोटात राहिलं.

मग रुग्णांचे अनुभव येऊ लागले. गोळी चुकली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, मान वळवली की जग क्षणभर उशिरा वळतं, विचित्र स्वप्नं पडतात, उगाच रडू येतं, राग अनावर होतो. विशेष म्हणजे हा त्रास सगळ्या गोळ्यांना सारखा नव्हता. फ्लुऑक्सेटिन शरीरातून फार हळू जातं, त्याचे अवशेष आठवडे टिकतात. पॅरॉक्सेटिन निम्मं व्हायला दिवसभर लागतो, तर व्हेन्लाफॅक्सिनला जेमतेम पाच तास. जे झटकन उतरतं ते जास्त झटका देतं. प्रोझॅक बनवणाऱ्या एली लिली कंपनीच्या हे पथ्यावरच पडलं. त्यांच्या मदतीने १९९६ साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच ते आठ दिवस गोळी गुपचूप बदलून नुसती साखरेची दिली, तेव्हा पॅरॉक्सेटिन आणि सर्ट्रालिन घेणाऱ्यांना त्रास झाला, फ्लुऑक्सेटिनवाल्यांना फारसा नाही.

याच काळात 'विथड्रॉवल' हा शब्द मागे पडला आणि 'डिसकन्टिन्युएशन सिंड्रोम' हा शब्द रूढ झाला. मी फौजेत आयुष्य काढलंय. माघारीला 'पुनर्नियोजित हालचाल' म्हटलं की अहवाल वाचायला बरा वाटतो, पण पिछाडीच्या जवानाला लागणारी गोळी तीच असते. शब्द सौम्य झाला तशी समजूतही सौम्य झाली. त्रास किरकोळ असतो, आठवडाभरात जातो, असं ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही लिहिलेलं होतं. आणि गोळी साधारण चार आठवड्यांत बंद करा, असंही.

आपल्याकडची दुहेरी अडचण

भारतात हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट होतं, खुद्द औषधाला नव्हतं. ही स्थिती १ जानेवारी २००५ ला बदलली. त्यामुळे परदेशात महाग असलेली नवी औषधं आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने बनवून स्वस्तात विकू शकल्या. नैराश्याच्या गोळ्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचल्या, ही फार मोठी गोष्ट झाली.

माझ्या घरापासून काही किलोमीटरवर होसूर रस्त्याला निम्हान्स आहे. बंगळूरच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळातून वाढलेली ही संस्था. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि २७ डिसेंबर १९७४ रोजी दोन्ही एकत्र होऊन आजचं निम्हान्स झालं. याच संस्थेने २०१५-१६ मध्ये देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की नैराश्य असलेल्या दर शंभर माणसांतल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. हा आकडा या भागात मी मुद्दाम सांगतोय. गोळी सोडण्याचा इतिहास ऐकून कुणी 'गोळी घेऊच नये' असा अर्थ काढला, तर माझं बोलणं वाया गेलं. आपल्याकडे एका बाजूला गरज असून गोळी न मिळणारे ८५ आहेत. दुसऱ्या बाजूला गोळी मिळालेल्यांतले काही तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून किंवा लोक काय म्हणतील म्हणून सोडतात. आणि काही जण दहा वर्षांपूर्वीच्या जीर्ण चिठ्ठीवर तीच गोळी आणत राहतात, कुणीही पुन्हा न तपासता.

गोव्यात या बाबतीत मोलाचं काम झालं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली 'संगात' ही संस्था सुरू केली. २००३ साली लॅन्सेटमध्ये गोव्यातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातले ४५० जण. काहींना फ्लुऑक्सेटिन, काहींना औषध नसलेली दिखाऊ गोळी, काहींना बोलून उपचार. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिनवाले जास्त सुधारले होते. म्हणजे गोळीचा उपयोग आपल्या माणसांवर, आपल्या सरकारी दवाखान्यात सिद्ध झाला. बोलून उपचाराचा मात्र तेव्हा तितका गुण आला नाही. ही मंडळी थांबली नाहीत. उपचाराची पद्धत बदलली, गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं. २०१७ साली गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या चाचणीचे निकाल आले. सहा ते आठ बैठकांचा हा उपचार मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या सोयीत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपल्या विषयासाठी याचा अर्थ असा : गोळी कमी करताना दुसरा आधार उभा करता येतो, आणि त्यासाठी मोठं शहर लागत नाही.

उतार सरळ नसतो

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा शोध. औषध निम्मं केलं की परिणामही निम्मा होतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

मेंदूच्या पेशींवर सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी दारं असतात. ही औषधं ती दारं अडवतात. मेंदूचं खास चित्रण करून शास्त्रज्ञांनी किती डोसला किती दारं अडतात हे मोजलं. सिटॅलोप्रॅमचं उदाहरण घेऊ. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के दारं अडतात. मग ५ मिलिग्रॅमला किती? हिशेबाने २० टक्के व्हायला हवीत. प्रत्यक्षात अडतात सुमारे ६० टक्के! म्हणजे २० वरून ५ वर येताना, १५ मिलिग्रॅम कमी करताना, परिणाम फक्त २० टक्क्यांनी उतरतो. आणि शेवटचे ५ मिलिग्रॅम बंद करताना उरलेले ६० टक्के एकदम कोसळतात.

आपला बोरघाट आठवा. खंडाळ्यापर्यंत रस्ता सपाट, आणि मग एकाएकी कडा. सपाटीवर ज्या वेगाने चालत आलो त्याच वेगाने कड्यावर पाऊल टाकलं तर काय होईल? गेली साठ वर्षं डॉक्टर सांगत होते : गोळी निम्मी करा, मग पाव, मग बंद. रुग्ण म्हणायचा, पाव गोळीपर्यंत छान होतं, बंद केली आणि पडलो. त्याच्यावर विश्वास ठेवला जात नसे. एवढ्याशा पाव गोळीने काय होणार, सगळं मनाचं आहे, असं म्हणत. आकडे सांगतात की त्याचं म्हणणं बरोबर होतं.

२०१९ साली लंडनमध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात हे गणित मांडलं. होरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर आणि संशोधक, आणि गोळी सोडतानाचा त्रास त्यांनी स्वतः भोगलेला. त्यांचं म्हणणं : दर वेळी ठरावीक मिलिग्रॅम कमी करू नका, आहे त्या डोसचा ठरावीक हिस्सा कमी करा, आणि खाली याल तसे टप्पे अधिकाधिक लहान करा. त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने आपली जुनी भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घ होऊ शकतो हे मान्य केलं. २०२२ साली तिथली मार्गदर्शिकाही बदलली. १९५९ ते २०१९. गॅलिपोलीची पद्धत सापडायला साठ वर्षं.

किती जणांना, किती त्रास

यावर वाद आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. २०१९ साली डेव्हिस आणि रीड यांनी जुने अभ्यास एकत्र करून सांगितलं की निम्म्याहून जास्त, ५६ टक्के लोकांना त्रास होतो. २०२४ साली जर्मनीतल्या गटाने अधिक काटेकोर आढावा घेतला. गोळी सोडलेल्यांत ३१ टक्के, तर दिखाऊ गोळी सोडलेल्यांतही १७ टक्के लोकांनी त्रास सांगितला. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. टीकाकार म्हणतात की या आढाव्यातले बरेच अभ्यास थोडेच दिवस गोळी घेतलेल्यांचे होते; वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं चित्र वेगळं असू शकतं. मला दोन्ही बाजूंत एक गोष्ट समान दिसते : बहुतेकांना हे जमतं, आणि काहींना फार जड जातं. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आधी सांगता येत नाही. म्हणून सावकाश.

आजार उलटण्याचा धोकाही खरा आहे. २०२१ साली ब्रिटनमध्ये ४७८ जणांवर एक चाचणी झाली. सगळे दीर्घकाळ गोळी घेणारे आणि आता बरे असलेले. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची काही आठवड्यांत बंद केली. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांत ५६ टक्क्यांचा आजार परतला, चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांचा. दोन्ही बाजूंनी वाचा : सोडल्याने धोका वाढला, आणि सोडूनही ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले.

मग परत आलेला आजार आणि सोडण्याचा त्रास ओळखायचे कसे? माझ्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब आहेत, कोल्हापूर जिल्ह्यातले. तीन वर्षं गोळी घेतली, बरं वाटलं, एकदम थांबवली. चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात झटके, घरात भांडण. घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं, आजार उलटलाय, आता जन्मभर गोळी. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. 'साहेब, मी आता कायमचा पेशंट का?' हाच प्रश्न आहे मंडळी. माणूस स्वतःबद्दल काय समजून जगणार, हे या एका निदानावर ठरतं.

तज्ज्ञ तीन खुणा सांगतात. एक, वेळ : सोडण्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो, आजार बहुधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो. दोन, लक्षणं : डोक्यात झटके, चक्कर, मळमळ ही मूळ नैराश्यात नव्हती, ती नवी असतील तर औषधाकडे पाहा. तीन, पुन्हा गोळी घेतल्यावर सोडण्याचा त्रास दोन-तीन दिवसांत उतरतो; नैराश्य इतक्या लवकर उतरत नाही. सुभेदारसाहेबांच्या बाबतीत तिन्ही खुणा एकाच बाजूला होत्या. कोल्हापुरातल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी त्या तपासल्या आणि आता ते टप्प्याटप्प्याने उतरताहेत. सध्या निम्म्यावर आहेत. घाई नाही.

माझी युद्धनोंद

माझं थोडक्यात सांगतो. मी रोज १० मिलिग्रॅमची गोळी घेत होतो. २०२२ साली डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवलं की आता उतरायला हरकत नाही. पहिल्यांदाच नैराश्य आलं होतं, कारण स्पष्ट होतं, आणि दोन वर्षं मी ठीक होतो. पलटणीत लढाईच्या काळात रोजची नोंदवही लिहितात, तशी मी लिहिली : डोस, झोप, चक्कर, राग, दिवसभरात किती पावलं चाललो. १० वरून साडेसात, मग ५, मग अडीच, मग सव्वा. गोळी कापायचं छोटं यंत्र दुकानात मिळतं. लांब परिणामाची कॅप्सूल किंवा वेष्टणाची गोळी मात्र कापू नये, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

१० वरून ५ वर येताना मला काहीच जाणवलं नाही. अडीचवरून सव्वावर आलो आणि दहा दिवस डोकं हलकं, पहाटे विचित्र स्वप्नं, आणि मुलाशी फोनवर उगाच चढलेला आवाज. वर सांगितलेला कडा तो हाच. डॉक्टरांनी पुढचा टप्पा दोन महिने थांबवला. पुट्टेनहळ्ळीच्या तळ्याभोवती रोजची फेरी चालू ठेवली. एकूण चौदा महिने लागले.

तुमच्यासाठी चार गोष्टी

हा भाग ऐकून आज रात्री कुणी गोळी बंद करू नका. तशी माघार म्हणजे वडगाव. तुमचे डॉक्टर आणि घरातलं एक माणूस, दोघांना सांगून सुरुवात करा. ज्यांना नैराश्य वारंवार आलंय, जीव द्यावासा वाटलेला आहे किंवा बायपोलरसारखा दुसरा आजार आहे, त्यांनी गोळी चालूच ठेवणं हाच शहाणपणा असू शकतो. त्यात कमीपणा नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण दुबळा म्हणत नाही.

दुसरं, वेळ निवडा. घरात लग्न, बदली, आजारपण असताना उतरायला सुरुवात करू नका. तिसरं, दुसरा आधार आधी उभा करा. २०१५ साली ४२४ जणांवरच्या ब्रिटिश चाचणीत काहींनी ध्यानावर आधारित उपचार घेत गोळी कमी केली. दोन वर्षांत त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण ४४ टक्के होतं, गोळी चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के. जवळजवळ सारखंच. चौथं, वाटेत जड गेलं तर मागच्या पायरीवर परत जाणं म्हणजे हार नव्हे. मन फारच खचलं, नको ते विचार आले, तर ताबडतोब बोला. सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट.

इतिहास चढायांच्या तारखा जपतो. १९५७, १९८७ या तारखा पुस्तकांत आहेत. १९६१ च्या त्या इशाऱ्याची तारीख फार थोड्यांना माहीत आहे. तुमच्या घरात, नात्यात, पलटणीत कुणी ही गोळी घेत असेल तर त्यांच्यापर्यंत ती पोहोचवा.

पुढच्या भागात आपण पुन्हा रणांगणावर जाऊ : १८०४ साली यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत कसं पळवलं, ती कथा. माघारीचाच विषय आहे. तोवर नमस्कार. जय हिंद.